कौसाबाईचा दहावा फोन

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बहिणीला नाही, ज्यांच्या हाताखाली मी करसल्ल्याचं काम शिकलो त्या वकीलसाहेबांनाही नाही. कौसाबाईच्या नावावर सरकारदरबारी एक खोटं विधान पडलेलं आहे. त्याच्याखाली सही तिची आहे. वाक्य माझं आहे. ते वाक्य मी शुद्धीत, दिवसाउजेडी, चहा पीत पीत टाइप केलं होतं.

पण आधी बाई सांगतो. नाहीतर तुम्हाला नुसता माझा अपराध कळेल, आणि तो काही फार मोठा वाटायचा नाही.

वाशीम जिल्ह्यात रिठदच्या पलीकडे माळ्यांची आणि ऊसतोडीला जाणाऱ्यांची एक वस्ती आहे. माझी थोरली बहीण तिथं दिलेली. मोबाइल यायच्या आधी त्या वस्तीवर एकच फोन होता, कौसाबाईच्या घरी. नवरा गेल्यावर कुणीतरी खटपट करून तिला सार्वजनिक फोन मिळवून दिला होता. त्यावरून फक्त आसपासचे फोन लागत. वाशीम, रिसोड, केनवड, बस्स. बाहेरून मात्र कुठूनही येत. घरामागे तिचा लहानसा मळा होता. मेथी, वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर. फोन वाजला की ती हातातलं खुरपं तिथंच टाकून धावत यायची, पदराला हात पुसायची, मगच रिसीव्हरला हात लावायची. कितीही घाई असो, मातीचा हात त्या फोनला लागलेला मी पाहिला नाही.

रिसीव्हर उचलला की समोरच्याचं ऐकायच्या आतच ती ओरडायची, "बोला, कौसाबाई बोलून राह्यली!" आणि मग लगेच, "ठेव बाप्पा, पैसे जयतात तुहे. दोन भाकरीनं लाव."

दोन भाकरी म्हणजे दोन भाकरी थापून भाजायला लागतो तेवढा वेळ. वस्तीतल्या प्रत्येक घराचं अंतर तिनं असं ठरवलं होतं. देविदासचं घर एका भाकरीवर. माझ्या बहिणीचं तीन भाकरींवर, कारण मध्ये ओढा. पावसाळ्यात चार. ऊस तोडायला गेलेली माणसं कुठून कुठून फोन करत, त्यांनाही हे हिशोब पाठ झाले होते. फोन ठेवायचे, बिडी ओढायचे आणि बरोबर दोन भाकरींनी परत लावायचे. तोवर कौसाबाई बांधावर उभी राहून हाक मारत असायची. तिची हाक ओढ्यापलीकडे जायची. "वो गंगे! तुहा नवरा हाय वो फोनवर! हातचं टाक अन् ये!"

आलेल्या फोनचा ती एक पैसा घेत नसे. कुणी द्यायला लागलं तर म्हणायची, "तिकून त्यानं मोजले ना? मंग एका बोलन्याचे दोनदा काहून?" आणि माणूस बोलायला लागला की ती बाहेर शेवग्याखाली जाऊन पाठ करून उभी राहायची. दुसऱ्याचं बोलणं ऐकू नये म्हणून. पण लाइन अशी खराब, की बोलणाऱ्याला बेंबीच्या देठापासून ओरडावं लागे आणि सारी वस्ती ऐके. कौसाबाई तेवढी एकटी पाठ करून उभी.

आता कर. टेलिफोनच्या बिलात कराची एक वेगळी ओळ यायची. बिल आणून देणाऱ्याने तिला सांगितलं, मावशी, हे सरकारचं. तेव्हा कर दहा रुपयांमागे रुपयाच्या आसपास होता. प्रत्येक फोनमागे चिल्लर मागणं तिला पटेना. तिनं स्वतःच एक पद्धत काढली. प्रत्येक घराचा दहावा फोन दुप्पट. एक नाणं तिच्या डब्यात, एक सरकारच्या. सरकारचा डबा वेगळा होता, चहापत्तीचा, त्याला तिनं शेंदराचं बोट लावलेलं. घरात मीठ नसलं तरी त्या डब्याला हात लागायचा नाही. बिल आलं की तो डबा उपडा करायचा, कमी पडलं तर आपल्यातून घालायचे.

आणि हे सगळं तोंडी. कुणाचे किती फोन झाले, हे कुठंही लिहिलेलं नव्हतं. त्यामुळे भांडणं व्हायची. देविदास हा त्यातला अव्वल. पाच-सहा शेळ्या, थोडी शेती आणि तोंडाचा पट्टा. मी स्वतः ऐकलेलं सांगतो.

"मावशे, हा नववा हाय."

"दहावा हाय."

"नववा वो!"

"बरं. मोज मंग. पयला केल्ता तुह्या सासऱ्याले, गोऱ्ह्यासाठी पैसे मांगाले. नाई म्हने तो. दुसरा परत त्यालेच, रागावू नका म्हनाले. तिसरा रिसोडच्या डाक्टरले, तुही हगवन काही थांबत नोती. चवथा..."

हे सगळं ती तिच्या फोनवरच्या आवाजात म्हणायची. ओढ्यापलीकडच्या बायका हातातलं काम थांबवत.

"घे वो माय, घे!" देविदास पैसे तिच्या पदरात टाकायचा. "सरकारचा दहावा घाल एकदाचा!"

"घालते," ती म्हणायची, आणि नाणं डब्यात टाकून डबा एकदा हलवून दाखवायची. साऱ्यांना आवाज ऐकू गेला पाहिजे, एवढंच.

दुसऱ्याचं बोलणं ऐकू नये म्हणून शेवग्याखाली जाणाऱ्या बाईला तिसरा फोन हगवणीचा होता हे कसं माहीत, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "मी आयकत नाई बापू. आयकू येते."

असं कितीतरी वर्षं चाललं. मग एकदा लाइन दुरुस्त करायला एक माणूस आला. चहा पिता पिता तो सहज बोलून गेला, की जिथून फक्त आसपासचे फोन लागतात अशा सार्वजनिक फोनला हा कर माफ आहे, तुमच्या बिलात चुकून लागून येत असावा. तो चहा पिऊन गेला. देविदास मात्र तिथंच बसलेला होता.

दुसऱ्या दिवशी वस्तीत एकच विषय. "मावशे, सरकारले नोकोच होते, मंग आमचे दहावे कोठी गेले वो?" पोट्टेसुद्धा येता-जाता म्हणू लागले. "सरकार जेवलं का कौसाआजी?" सारी चेष्टाच होती, तिच्यावर संशय कुणाला नव्हता. पण कौसाबाईला ती चेष्टा घेता आली नाही. आयुष्यभर तिनं नाणं वाजवून टाकलं होतं. आता तेच नाणं तिला जाब विचारत होतं.

ती सकाळच्या गाडीनं वाशीमला माझ्याकडे आली. वकीलसाहेबांकडून बाहेर पडून मी नुकतीच कोर्टाजवळ एक खोली घेतली होती. एक टेबल, एक कॉम्प्युटर, बाहेर पाटी. तिनं टेबलावर मेथीच्या जुड्या ठेवल्या आणि शेजारी तो शेंदूर लावलेला डबा.

"रिकामा हाय. पाहून घे."

"मावशी, मी कशाला पाहू?"

"पाहून घे म्हनते ना."

मी झाकण उघडून पाहिलं. मग तिनं पदर सावरला आणि विचारलं, "बापू, चुकून भरलेला कर वापस येते का?"

"येतो. अर्ज करावा लागतो."

"मंग कर. गावाचे हायेत. आले का ज्याचे त्याले वाटून टाकते. मले सारं ध्यानात हाय."

मी दोन दिवस नियम वाचले. परतावा मिळण्यासारखा होता, पण मध्ये एक कलम होतं. ज्यानं कर स्वतःच्या खिशातून भरला, त्यालाच तो परत मिळतो. गिऱ्हाइकाकडून वसूल केलेला असेल तर त्याला मिळत नाही, ती रक्कम ग्राहकांच्या एका सामाईक निधीत जाते. कलम वाईट नव्हतं. लोकांकडून घेऊन वर परतावाही खिशात घालणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी ते केलेलं होतं. ती पुन्हा आली तेव्हा मी तिला हे समजावून सांगितलं.

तिनं मला ते कलम परत एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "म्हंजे खरं सांगतलं तर पैसे नाई येत."

"हो."

"अन् खोटं सांगतलं तर येतात."

मी उठून पंखा वाढवला.

"असं कर," ती म्हणाली. "असं लिही, का कौसाबाईनं लोकाइपासून घेतला, अन् कौसाबाई लोकाइले वापस देईन. सायेबाले म्हना, वाटाच्या दिवशी या अन् डोयानं पाहा. जेवून जा म्हना."

"लिहितो," मी म्हणालो.

आणि लिहिलं ते असं: कराचा सर्व भार मी माझ्या स्वतःच्या उत्पन्नातून सोसला असून तो कोणाही व्यक्तीकडून वसूल केलेला नाही. हे इंग्रजीत. तिला मराठी वाचता येत होतं.

का लिहिलं? मी स्वतःला कितीदा तरी विचारलं आहे. परताव्याचं ते माझं पहिलंच स्वतंत्र काम होतं आणि मला ते जिंकायचं होतं. जिंकलो असतो तर आसपासच्या सगळ्या फोनवाल्यांचं काम माझ्याकडे आलं असतं. आणि, खरं वाटणार नाही, पण तिचं भलं व्हावं असंही मला वाटत होतं. पैसे आले असते, तिनं ते वाटले असते, कुणाचंच काही बिघडलं नसतं. आपल्या फायद्याला दुसऱ्याच्या भल्याची अशी जोड मिळाली, की हात थांबत नाही.

सहीच्या वेळी तिनं पेन हातात धरून विचारलं, "माहं सांगनं लेहलं ना यात?"

"लिहिलंय मावशी. नेहमीचाच मजकूर आहे."

तिनं सही केली. वाचता येत असलं तरी सही करायला ती फोनच्या अर्जासाठीच शिकली होती. पूर्ण 'कौसल्याबाई', एकेक अक्षर चुलीवर भांडं टेकवावं तसं नीट बसवत. मला वाट पाहावी लागली. तेवढ्या वेळात तो कागद मी मागे घेऊ शकलो असतो.

मला वाटलं होतं काम कागदावरच उरकेल. पण अकोल्याहून सुनावणीचं बोलावणं आलं. मी तिला बजावलं, "साहेब विचारतील, तुम्ही फक्त हो म्हणा. बाकी मी बोलतो."

"हो म्हनाले मले अकोल्याले नेतं का? घरीच म्हनलं असतं."

आणि स्टँडवर येताना तिनं देविदासला बरोबर आणलं. गावातल्या एकानं तरी डोळ्यांनी पाहिलं पाहिजे, हे तिचं म्हणणं. त्याचं तिकीट तिनंच काढलं. पिशवीत भाकरी, मेथीची भाजी, ठेचा आणि तो डबा.

पातूरच्या घाटात भाकरी सोडल्या. देविदास म्हणाला, "मावशे, पैसे आले का पयले माहे दहावे काढजो बरं."

"तुहे कायचे रे? तू तं जलमभर नववाच करत राह्यला!"

कंडक्टरसुद्धा हसला. कौसाबाई तर खोकला येईस्तोवर हसली, डोळे पुसले, आणि मला म्हणाली, "खाय ना बापू, तुह्याच तोंडाचं पानी काहून पयालं?" तिचं तसं हसणं मी त्यानंतर ऐकलेलं नाही.

अधिकारी सज्जन होता. मराठी माणूस. तिला आधी पाणी दिलं, खुर्ची दिली. देविदास दाराशी उभा होता. अधिकाऱ्यानं कागद चाळले आणि साध्या आवाजात विचारलं, "मावशी, हा कर तुम्ही लोकांकडून घेतला नव्हता ना?"

मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहतच नव्हती. पिशवीतून डबा काढून तिनं त्याच्या टेबलावर ठेवला होता.

"घेतला ना सायेब! दर दहाव्या फोनले घेतला. हा पाहा डबा. इच्यारा याले." तिनं दाराकडे बोट केलं. "भांडून भांडून घेतला."

देविदासनं मान डोलावली. त्यालाही अभिमानच वाटत होता.

अधिकाऱ्यानं पेन खाली ठेवलं. कागद उलटा करून त्यानं माझं वाक्य आधी मनाशी वाचलं, मग तिला मराठीत सांगितलं. शब्दाला शब्द. "मावशी, इथं तुम्ही लिहून दिलंय की तुम्ही कुणाकडूनही घेतला नाही."

कौसाबाईनं हळूच मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं. बहिणीसाठी मी फोन लावला आणि बहीण घरी नसली, की ती मला जे म्हणायची, थांब बापू, पाहून येते, तसं काहीतरी त्या नजरेत होतं. ती माझी वाट पाहत होती.

"हे कुणी लिहून दिलं?" अधिकाऱ्यानं विचारलं.

मी माझ्या फाइलची नाडी बांधत होतो.

"सही माही हाय, सायेब," कौसाबाई म्हणाली.

"ते दिसतंय. मजकूर कुणाचा?"

"सही माही हाय."

अधिकारी माझ्याकडे वळला. "तुम्हाला काही म्हणायचंय?"

"नाही सर," मी म्हणालो.

त्यानं तिचं वय पाहून पुढची कारवाई केली नाही. रक्कम त्या सामाईक निधीत जाईल, म्हणाला. उठताना कौसाबाईनं विचारलं, "त्या निधीत आमच्या वस्तीचं नाव राहीन का सायेब?"

"नाही मावशी. तिथं कुणाचंच नाव नसतं."

"बरं," ती म्हणाली, आणि डबा पिशवीत घातला.

परतताना देविदास पुढं ड्रायव्हरजवळ जाऊन बसला. उरलेल्या भाकरी कुणी सोडल्या नाहीत. मालेगाव मागे पडल्यावर ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "बापू, इंग्रजीत काहून लेहलं रे?"

"तिथं तसंच चालतं, मावशी."

तिनं मान हलवली. या विषयावर ती माझ्याशी एवढंच बोलली. पुढं कधीच नाही.

गाडीतून उतरून देविदास झपझप पुढं निघून गेला आणि वस्तीत बातमी तिच्या आधी पोचली. कौसाबाईनं सायबाच्या म्होरं लेहून देलं, का आमच्यापासून कर घेतलाच नाई. सारे पैसे एकटीले पाह्यजे होते. देविदास खोटं सांगत नव्हता. त्यानं पाहिलं ते सांगितलं. आणि त्या दिवसापासून तिची चेष्टा बंद झाली. सरकार जेवलं का, असं पोट्टे विचारेनात. मला वाटतं, तिला ते सगळ्यात जास्त लागलं.

मग तिनं एक गोष्ट केली, आणि तिथं उरलंसुरलं बिघडलं. मळ्यातला कांदा विकून ती घरोघर गेली आणि ज्याचे त्याचे पैसे देऊ लागली. दारात उभी राहून, तिच्या त्याच पद्धतीनं, "गंगे, तुहे इतके दहावे. एक तुह्या बापाच्या आजारपनातला, एक पोरीच्या सोयरिकीचा." पण आता कुणी हसत नव्हतं. काहींनी पैसे घेतले आणि दार लावलं. काहींनी घेतले नाहीत. देविदास पारावर म्हणाला, "चोरी सापडली म्हनून देऊन राह्यली. नाई तं देल्ले असते काय?" वस्तीला ते पटलं.

माझी बहीण मला म्हणाली, "कौसामावशीनं असं कराले नोको होतं रे."

मी म्हणालो, "हं."

तोवर घरोघर मोबाइल आलेच होते. फोनची तार कधी तुटली ते कुणी पाहिलं नाही, जोडायलाही कुणी आलं नाही. बांधावरची हाक बंद झाली. ओढ्यापलीकडून माझी बहीण सांगायची, आता कौसामावशी दिसतच नाही, मळ्यात असते, वाकलेली.

मी तिला शेवटचं पाहिलं ते वाशीमच्या भाजीबाजारात. गोणपाटावर मेथी आणि सांबार मांडून बसली होती. केस पार पांढरे. मला टाळून पुढं जायचं होतं, पण तिनं हाक मारली. आवाज बारीक झाला होता. शेजारच्या भाजीवालीला तिनं सांगितलं, "हा माह्या पोराच्या ठिकानी हाय. अकोल्यापरेंत आलता माह्यासाठी." टोमणा नव्हता. मी तिचा चेहरा नीट पाहिला, टोमणा शोधला. सापडला असता तर बरं झालं असतं.

ती मेथी पिशवीत घालत होती, तेवढ्यात मागच्या दुकानात कुणाचा तरी मोबाइल वाजला. कौसाबाईनं जुडी खाली ठेवली, पटकन पदराला हात पुसले, आणि अर्धवट उठली. मग तिच्या लक्षात आलं. ती परत बसली आणि जुडी उचलून माझ्या पिशवीत घातली. वर सांबाराच्या चार काड्या ठेवल्या.

या उन्हाळ्यात ती गेली. तेरवीला मी गेलो होतो. मांडवात पंगत बसली, देविदास वाढत होता. तोही आता म्हातारा झालाय. माझ्या पानाजवळ थांबून म्हणाला, "बाई लाखात एक होती भाऊ. कोनाचा एक रुपया ठेवला नाई. तेवढं एक सोडलं तं."

आजूबाजूच्या माणसांनी माना हलवल्या. तोंडात घास होता, पण मी तो गिळून बोलू शकलो असतो. सारी वस्ती समोर बसलेली होती.

"वाढू का अजून?" त्यानं विचारलं.

"वाढ," मी म्हणालो.

ते तेवढं एक माझं आहे, कौसाबाईचं नाही. हे मी इथं लिहिलं, पण त्या वस्तीवर हे कुणी वाचणार नाही. तिथं जाऊन, देविदाससमोर आणि त्या पंगतीत बसलेल्या प्रत्येकासमोर, ते माझ्या तोंडानं सांगायचं देणं मी तिचं लागतो. अजून सांगितलेलं नाही.